सोयरीक मोडताना म्हणाले, ‘त्यांच्या रक्तातच आहे’

गिरणाकाठ

यंदा आखाजीच्या चार दिवस आधी माझ्या चुलतबहिणीची सोयरीक मोडली. साखरपुड्याची तारीख निघाली होती, बस्ता कुठे फाडायचा तेही ठरलं होतं. मग मध्यस्थाच्या हाती निरोप आला: मुलगी चांगली आहे, घर चांगलं आहे, पण तिच्या वडिलांनी आत्महत्या केली होती. अशा गोष्टी रक्तात उतरतात, उद्या आमच्या नातवंडांचं काय? काकू काही बोलली नाही. ओट्यावर दादर ज्वारी निवडत बसली होती, सूप तसंच ठेवून आत गेली.

काकांना जाऊन अकरा वर्षं झाली. आमचं गाव भडगाव तालुक्यात. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, डीएनए आणि जनुकं दरवर्षी फळ्यावर काढते, आणि तरीही निरोप आणणाऱ्या त्या माणसाला मला उत्तर देता आलं नाही. ‘असं काही नसतं हो’ एवढंच मी म्हणाले. पण असतं की नसतं, हे मला खरंच माहीत नव्हतं. तेव्हापासून रात्री जागून वाचते आहे. कळलं तेवढं मांडते. चुकलं असेल तर जाणकारांनी हक्काने दुरुस्त करा.

आधी जे खरं आहे ते मान्य करते. आत्महत्येचा धोका काही घराण्यांत जास्त दिसतो. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या मुलांच्या सरकारी नोंदी वापरून केलेला एक अभ्यास १९७९ साली छापून आला. दत्तक गेलेल्या ज्या माणसांनी पुढे आत्महत्या केली, त्यांच्या जन्मदात्या नात्यात आत्महत्या जास्त सापडल्या. वाढवणाऱ्या घरात तसं दिसलं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून अनुवंशाचा वाटा साधारण ३० ते ५० टक्के निघतो. हे वाचलं त्या रात्री मी लॅपटॉप मिटून टाकला. वाटलं, तो माणूस बरोबरच बोलला.

दुसऱ्या दिवशी पुढचं वाचलं. तो टक्का समाजातल्या फरकाचा असतो: माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती हिस्सा जनुकांमधल्या फरकाशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. एखाद्या मुलीत वडिलांचं ‘चाळीस टक्के उतरलं’ असा त्याचा अर्थ होत नाही. आणि ‘आत्महत्येचं जनुक’ असं काही सापडलेलंच नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या २९,७८२ लोकांचा डीएनए पाच लाखांहून जास्त इतर लोकांशी ताडून पाहिला होता. मानसिक आजारांचा परिणाम वजा केल्यावरही ठळक उरली ती सातव्या गुणसूत्रावरची एक जागा. तिचा संबंध निद्रानाश, धूम्रपान आणि धोका पत्करण्याची वृत्ती ह्यांच्याशी आधीच लागलेला होता. डीएनएतले नेहमी आढळणारे सगळे बारीक फरक एकत्र धरले तरी त्यांच्या वाट्याला सात टक्केही येत नाहीत. हजारो तंतू, आणि एकेकाचं वजन सरकीवरच्या रेशाएवढं.

मग मेंदूत घडतं तरी काय? जनुक अंगात असणं वेगळं आणि ते वाचलं जाणं वेगळं. डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत डीएनए तोच असतो. कोणतं जनुक किती वाचायचं, त्यापासून किती प्रथिन बनवायचं, ह्यात फरक पडतो. ह्यालाच जनुकाची अभिव्यक्ती म्हणतात, आणि ती आयुष्यभर कमीजास्त होत राहते.

कॅनडात माँट्रिअलला, मॅकगिल विद्यापीठाच्या छायेत, एक मेंदूपेढी आहे. मृत्यूनंतर घरच्यांच्या संमतीने तिथे मेंदू जपून ठेवतात. २००९ साली मायकेल मीनी, मोशे झीफ आणि गुस्ताव्हो टुरेकी ह्यांच्या गटाने तिथले ३६ मेंदू तपासले. आत्महत्या केलेले आणि लहानपणी छळ सोसलेले बारा, आत्महत्या केलेले पण तसा छळ न सोसलेले बारा, आणि दुसऱ्याच कारणाने अचानक गेलेले बारा. आठवणींशी निगडित असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा जो भाग आहे, त्यातलं एक जनुक त्यांनी पाहिलं. हे जनुक कॉर्टिसॉल ह्या ताणाच्या संप्रेरकाचा रिसेप्टर, म्हणजे ते ओळखून धरणारं प्रथिन, बनवतं. संकट आलं की अंगात कॉर्टिसॉल वाढतं. ते पुरेसं वाढलंय हे हा रिसेप्टर ओळखतो आणि आता थांबा असा निरोप वर जातो. टाकी भरली की मोटार बंद करणारा फ्लोट असतो ना, तसं. पहिल्या गटात हे जनुक कमी वाचलं जात होतं. त्याच्या सुरुवातीच्या तुकड्यावर मिथाइल नावाच्या रासायनिक खुणा जास्त चिकटल्या होत्या. डीएनएची अक्षरं मात्र जशीच्या तशी.

आणि दुसरा गट, म्हणजे आत्महत्या केलेला पण लहानपणी छळ न सोसलेला, तो तिसऱ्या गटासारखाच निघाला. हे वाक्य मी तीनदा वाचलं. ती खूण मरणाची नव्हती, बालपणाची होती.

मला काकूला हे सांगायचंय. तिला ‘अभिव्यक्ती’ म्हणून चालणार नाही. कसं सांगू?

कोरडवाहू

ताई, मनापासून लिहिलंत. पण मला ह्याची भीती वाटते. २०२२ साली देशात शेतीवर जगणाऱ्या ११,२९० जणांनी आत्महत्या केली, त्यांत आपल्या महाराष्ट्राचा वाटा सगळ्यात मोठा. हा सरकारचाच आकडा आहे. उद्या कोणी म्हणेल की मेंदूतलं रसायन बिघडलं होतं, मग भरपाई कशाला आणि कर्जाचं पुनर्गठन कशाला. पारोळ्याकडे गुलाबी बोंडअळीने अख्खी शिवारं बसलेली पाहिली आहेत मी. वेचणीची मजुरीसुद्धा निघाली नव्हती. त्या माणसाचा मेंदू तपासायच्या आधी त्याचा सातबारा तपासा, एवढंच म्हणणं आहे.

केळीबाग

कोरडवाहू भाऊ, हे दोन्ही एकच आहे असं मला वाटतं. माझ्या रावेरच्या मळ्यातलं सांगतो. एका विहिरीवर दोन प्लॉट आहेत. ठिबकच्या लॅटरल, म्हणजे पाण्याच्या नळ्या, एकाच बंडलातल्या, एकाच दिवशी अंथरलेल्या. एका प्लॉटला उन्हाळ्यात बोअरचं क्षाराचं पाणी द्यावं लागलं. दोन वर्षांत तिथल्या ड्रिपरची तोंडं बुजली. वरून पाहिलं तर नळी तीच, पण खोडाशी ओल नाही. ताईंनी ज्या मिथाइलच्या खुणा सांगितल्या, तो मला हा क्षार वाटला. नळीत खोट नव्हती, पाणी कसलं गेलं ते तिच्या तोंडाशी साचलं.

म्हणून खारं पाणी कुठून आलं तेही विचारा आणि बुजलेलं तोंडही उघडा. आम्ही ॲसिड ट्रीटमेंट देऊन ड्रिपर मोकळे करतो. मेंदूत तसं काही होतं का, हे कोणी डॉक्टर असतील तर सांगावं.

गिरणाकाठ ताई, काकूंना ठिबकचं उदाहरण द्या.

साक्री_रोड

मी धुळ्यात बावीस वर्षं मानसोपचाराचं काम करतो. केळीबाग भाऊंचं उदाहरण मी उद्यापासून ओपीडीत वापरणार आहे.

तोंड मोकळं होतं का? उंदरांत होतं. मीनी आणि झीफ ह्यांचंच २००४ सालचं काम आहे. काही उंदीर माद्या पिलांना खूप चाटतात, काही कमी. कमी चाटलेल्या पिलांत त्याच जनुकावर खुणा जास्त राहतात आणि मोठेपणी ती जास्त घाबरट होतात. पण अशा मादीचं पिलू जन्मल्याबरोबर जास्त चाटणाऱ्या मादीकडे दिलं, की ते तिच्या पिलांसारखं वाढतं. गिरणाकाठ ताई, तुमच्या मध्यस्थाला उत्तर हवं असेल तर ते इथे आहे: रक्त एकीचं, खूण दुसरीच्या मायेची. मोठ्या उंदरांच्या मेंदूत औषध सोडूनही ती खूण पुसता आली. माणसात नेमकी तीच खूण धुणारं औषध मात्र आज नाही. कोणी आहे म्हणून विकत असेल तर घेऊ नका.

बाकीचं थोडक्यात. ह्या विषयाची सुरुवात सेरोटोनिनपासून झाली, म्हणजे चेतापेशींमध्ये निरोप नेणाऱ्या एका रसायनापासून. १९७६ साली स्टॉकहोममध्ये मारी ऑस्बेरी ह्यांनी नैराश्याच्या ६८ रुग्णांच्या पाठीतलं पाणी तपासलं. सेरोटोनिन मोडल्यावर उरणारा ५-एचआयएए हा पदार्थ ज्यांच्यात कमी होता, त्यांच्यात आत्महत्येचे प्रयत्न जास्त होते. पुढे न्यूयॉर्कला जॉन मान आणि व्हिक्टोरिया अरांगो ह्यांनी मृत्यूनंतरच्या मेंदूत पाहिलं, तेव्हा कपाळामागच्या भागात, जिथे आवेगाला लगाम बसतो, तिथे सेरोटोनिनची ने-आण करणारं प्रथिन कमी सापडलं. शिकागोत योगेश द्विवेदी आणि घनश्याम पांडे ह्यांना २००३ साली बीडीएनएफ कमी दिसलं. हे प्रथिन चेतापेशींना खतासारखं असतं, नवे जोड धरायला मदत करतं. टुरेकींच्याच गटाने २०२० साली एकेक पेशी वेगळी करून पाहिली. नैराश्यात आत्महत्या केलेले १७ आणि इतर १७, मिळून जवळपास ८०,००० पेशीकेंद्रं. सगळ्यात जास्त फरक कपाळामागच्या भागाच्या खोल थरातल्या चेतापेशींत आणि चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशींच्या कोवळ्या अवस्थेत होता. हे सगळे मेंदू पुरुषांचे. आणि २०१७ सालीच दिसलं होतं की नैराश्यात पुरुषांच्या आणि बायकांच्या मेंदूत बदलणारी जनुकं फारच थोडी सारखी असतात. म्हणजे पुरुषांवरून बायकांबद्दल बोलता येत नाही.

एक सावधगिरी. हे सगळे मेंदू मृत्यूनंतरचे आहेत. शेवटचं औषध, दारू, मृत्यू आणि तपासणी ह्यांमधले तास, सगळ्याने जनुकांचं चित्र बदलतं. संख्या लहान असते. शिवाय ह्यातलं कारण कोणतं आणि दीर्घ त्रासाचा परिणाम कोणता, हे मेलेल्या मेंदूवरून वेगळं काढता येत नाही. आपल्याकडेही बेंगळुरूला निम्हान्स ह्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १९९५ पासून मेंदूपेढी आहे.

कोरडवाहू भाऊ, तुमची भीती खोटी नाही. पण मी विज्ञानाकडे उलट्या बाजूने पाहतो. सातबाऱ्यावरचा बोजा आत कोणत्या वाटेने शिरत असावा, त्याचा अंदाज ह्या अभ्यासांनी दिला. लहानपणी छळ सोसलेल्यांत पेशीतलं वाचन बदललेलं दिसलं; कर्ज, अपमान, सततची अनिश्चितता ह्यांनीही तसं होत असावं. ज्याने ताण घातला त्याची जबाबदारी त्यामुळे वाढते.

कोरडवाहू

डॉक्टरसाहेब, शेवटच्या चार ओळी पटल्या. सातबारा आणि मेंदू, दोन्ही तपासा असं म्हणतो आता.

रात्रपाळी

मी भुसावळला रेल्वेत आहे. हा धागा दोन दिवस वाचतोय, आज लिहितो. माझे वडील असेच गेले तेव्हा ते एकेचाळीस वर्षांचे होते. मी येत्या कार्तिकात एकेचाळीस पूर्ण करतोय. गेलं वर्षभर मनात तेच मोजतोय. ड्युटी करतो, मुलांना शाळेत सोडतो, कोणाला काही दिसत नाही. कधीकधी वाटतं, माझंही ठरलेलंच आहे. रक्ताची, डीएनएची काही टेस्ट असते का? असेल तर खर्च करायला तयार आहे. एकदाचं कळू दे.

साक्री_रोड

भाऊ, बरं झालं लिहिलंत. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो: नाही. रक्तातल्या काही खुणांवर संशोधन चालू आहे, पण एका माणसाचं पुढे काय होणार हे सांगणारी तपासणी आज जगात कुठेही नाही. वडिलांचं वय हे मुलाच्या पेशीत लिहिलेलं नसतं. ज्यांच्या घरात आत्महत्या झाली, अशी बहुसंख्य माणसं पूर्ण आयुष्य जगतात.

आता मी तुम्हाला सरळ विचारतो, कारण सरळ विचारल्याने कोणाच्या मनात हा विचार नव्याने पेरला जात नाही. जीव द्यावा असे विचार सध्या येतात का? आज रात्री तुम्ही सुरक्षित आहात का? उत्तर इथे लिहिलं नाही तरी चालेल, पण कोणाला तरी आज सांगा. १४४१६ हा टेलिमानस ह्या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा नंबर आहे, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. आणि दवाखान्यात जा. नैराश्यावर उपचार आहेत. वारंवार उसळणाऱ्या मूडच्या आजारांत लिथियम ह्या औषधाने आत्महत्या कमी होतात, हे २०१३ साली ४८ चाचण्या एकत्र पाहून पुन्हा दिसलं. तुम्हाला ते लागेलच असं नाही. काहींना बोलून करायचे उपचार पुरतात, काहींना साधी औषधं. पण ते तपासून ठरू दे, रात्री एकट्याने मोजून नको.

केळीबाग

रात्रपाळी भाऊ, भुसावळ मला चाळीस किलोमीटर. सावद्याला मार्केटला येतोच मी. मेसेज टाकला आहे, उत्तर द्या. नसेल द्यायचं तरी मी परवा येतो.

रात्रपाळी

विचार येतात. आज सुरक्षित आहे. बायको शेजारी बसली आहे, तिला हा धागा वाचायला दिला. तिने आत्ताच नंबर लावलाय. केळीबाग भाऊ, या.

तोरणमाळ

मी आश्रमशाळेत शिक्षक आहे, नंदुरबार जिल्ह्यात. उंदराच्या पिलाचं वाचल्यापासून मला झोप नाही. आमच्याकडे सहा वर्षांची पोरं येतात. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. रात्री वसतिगृहात एखादं पोर भिंतीकडे तोंड करून पडलेलं असतं, त्याला आपण ‘शिस्तीत झोप’ म्हणतो. मीही म्हटलं आहे. ह्या पोरांच्या बाबतीत उशीर झाला का, एवढंच विचारायचं आहे.

दुसरं, पाड्यावर कोणी असा प्रयत्न केला तर लोक दवाखान्यात आणायला घाबरतात. पोलीस केस होईल म्हणतात.

साक्री_रोड

गुरुजी, उशीर झालेला नाही. दुसऱ्या मादीकडे ते पिलू जन्मल्याबरोबर दिलं होतं हे खरं, पण मोठ्या उंदरांतही ती खूण पुसता आली, म्हणजे ती कायमची नसते. तिथे ती दुसरी मादी तुम्ही आहात. रोज रात्री एक मोठं माणूस त्या मुलाजवळ पाच मिनिटं बसतं, त्याचं नाव घेऊन बोलतं, हे औषधाइतकंच गांभीर्याने घ्या.

कायद्याचं: मानसिक आरोग्य देखभाल कायदा २०१७, कलम ११५. उलट सिद्ध होत नाही तोवर असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच धरायचं, तिला शिक्षा करायची नाही, आणि तिच्यावर उपचार करणं सरकारचं काम. २०१८ पासून लागू आहे. ग्रामपंचायतीत वाचून दाखवा.

जिभाऊ_शिरपूर

मी सांगी ऱ्हायनू, नातू टाइप करी ऱ्हायना. पोरी, तुनं लिखेल समदं माले समजनं नही, पन जे समजनं ते मनले लागनं. मना मोठा भाऊ बहात्तरना दुष्कायमा असाच गया. पोलीस उना, तलाठी उना, सोसायटीना सेक्रेटरी उना. समदा एकच इचारेत, कर्ज कितलं व्हतं. भाऊले झोप लागत व्हती का, तो जेवत व्हता का, कोनसंगे बोलत व्हता का, हाई मन्ही वहिनीले कोनीच इचारं नही. ती मरी गयी तवलोंग कोनीच इचारं नही.

साक्री_रोड

जिभाऊ, तुम्ही जे सांगितलंत त्याला आमच्या शास्त्रात नाव आहे: मानसिक शवचिकित्सा. माणूस गेल्यावर त्याच्या घरच्यांजवळ बसून, शेवटच्या महिन्यांत तो कसा होता ते शांतपणे ऐकून घ्यायचं. माँट्रिअलच्या मेंदूपेढीतही नुसता मेंदू ठेवत नाहीत, असं बोलणंही नोंदवतात. लहानपणचा छळ कोणी सोसला होता, हे त्यांना पेशीवरून नाही, घरच्यांच्या सांगण्यावरून कळलं.

गिरणाकाठ ताई, काकूंना ठिबकचं जरूर सांगा. पण आधी त्यांना विचारा. त्या वर्षी काकांची झोप कशी होती?

गिरणाकाठ

रविवारी गावी जाऊन आले. घरात कानबाईचे रोट होते, भावकी जमली होती, म्हणून दुपारपर्यंत बोलता आलं नाही. सगळे पांगल्यावर काकूजवळ बसले आणि डॉक्टरसाहेबांनी सांगितलं तसंच विचारलं.

तिला आठवावं लागलं नाही. म्हणाली, ‘असेच रोट होते त्या साली, तेव्हापासून झोप गेली त्यांची. दोन वाजता उठून गोठ्यात जाऊन बसायचे. बैल तर आधीच विकले होते, रिकाम्या गोठ्यात काय करता म्हटलं तर म्हणायचे, इथे गार वाटतं. भरीत केलं तरी अर्धी भाकर. पोळ्याला अंगणात आले नाहीत.’ मग लोखंडी पेटीतून एक कागद आणला. काका एकटेच तालुक्याला जाऊन डॉक्टरला दाखवून आले होते, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. चिठ्ठीवर झोपेची गोळी, आणि खाली ‘पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवा’. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तिला ती नंतर सापडली होती. तिने अकरा वर्षं कोणाला दाखवली नाही. तिला वाटायचं, लोक म्हणतील वेडाचं औषध चालू होतं, मग पोरीला कोण करेल.

मी तिला लॅटरलचं सांगितलं. क्षार, तोंड बुजणं, सगळं. ती म्हणाली, ‘म्हणजे ते आतून मोटार बंद होत नसल्यासारखे जागे असायचे, तसंच ना?’ मी हो म्हटलं. फ्लोटचं मी तिला सांगितलंच नव्हतं.

बहिणीने हा धागा पहिल्यापासून वाचला. पुढचं स्थळ आलं तर वडिलांचं ती स्वतःच आधी सांगणार आहे म्हणते, मध्यस्थाला सांगू देणार नाही.

डॉक्टरसाहेब, निघताना काकूला विचारलं, आणि तुझी झोप? ती हसली आणि दादरच्या सुपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, तीनच्या पुढे नाही लागत, अकरा वर्षं. येत्या मंगळवारी तिला घेऊन धुळ्याला येते. पाचोऱ्याहून सकाळची गाडी मिळाली तर दहापर्यंत पोचू.